एका वेळी एकच तार

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "मशीन उपाशी होती काय?"

आर्णीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तेव्हा नवीनच लागले होते. लोक रिपोर्ट घेतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि जातात, एवढीच माझी पेशंटांशी ओळख. हे गृहस्थ मात्र टीएसएचचा कागद काउंटरवर पसरून उभे. थायरॉइडचं काम मंदावलं की हा आकडा वर चढतो. त्यांचा नऊच्या पुढं गेला होता आणि त्यांचा त्या आकड्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"मी उपाशीच आलतो. मी मशीनचं इचारून राह्यलो," ते म्हणाले. "सकाळपासून तिच्यातून किती जनाचं रक्त गेलं? आंधीच्याचं थोडंफार राह्यलं असन त? अन् अर्थिंग कसं हाय तुमचं? होल्टेज पडलं का कोनताबी आकडा हालते."

मशीन रोज तपासतो, आकडा आधीच माहीत असलेला नमुना तिच्यात घालून पाहतो, वगैरे मी सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मशीन पाहायला मागितली, मी नाही म्हटलं, आणि ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले ते लॅब बंद व्हायची वेळ झाली तरी उठेनात. शेवटी कंटाळून मी त्यांना आत नेलं. मशीनकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वाकून मागचा प्लग चाचपला आणि म्हणाले, "पिन ढिल्ली हाय."

खरंच ढिली होती. मी ती घट्ट करवून घेतली, रक्त पुन्हा लावलं. आकडा तोच आला. तो कागद पाहून त्यांनी मान हलवली, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तू राह्यते कुठी, पोरी? आमची एक खोली खाली हाय."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. त्या माणसाबद्दल मला नेमकं काय वाटतं, हे मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं, इतका सरळ माणूस मी पाहिला नाही. कधी वाटतं, इतका आडमुठा पाहिला नाही. बहुतेक दोन्ही एकाच वेळी खरं असावं, पण मला असं दोन्ही खरं असलेलं चालत नाही. मी लॅबवाली. माझ्या कागदावर एक आकडा आणि त्याच्या शेजारी एक मर्यादा असते.

काका बॅटरीवाले. (मी त्यांना काका म्हणत असे, त्यांच्या बायकोला काकू.) बसस्टँडजवळ त्यांचं जुनं दुकान होतं. नवीन बॅटऱ्या उघडता येत नाहीत, बिघडली की फेकायची असते, म्हणून दुकान बसलं, तर काकांनी ते उचलून परसातल्या टिनाच्या सपरीत आणलं. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या घेऊन शेतकरी मागच्या दारानं यायचे. काका त्या फोडायचे, आतल्या पट्ट्यांचं शिसं लोखंडी कढईत वितळवायचे आणि तुटलेली टर्मिनलं नव्यानं ओतून द्यायचे. राखी रंगाची एक बारीक भुकटी सपरीत सगळीकडं असायची. माझ्या खोलीच्या खिडकीतही यायची. मी ती वर्षभर धूळ समजून झटकत होते.

माणसांना ते व्होल्टमध्ये मोजायचे; बारा-सहा म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी. "आज बारा-सहा हाय तुही काकू, बोलून घे." "थो सरपंच? थो अकराच्या खाली गेला, आता भंगारात." मी दिवसभराचं काम करून आले की माझ्याकडं पाहून नुसतं "अकरा-आठ" म्हणायचे आणि काकूंना चहा टाकायला सांगायचे. माझ्या आईला माझी इतकी अचूक प्रकृती कधी कळली नाही.

डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज चालू होती, तरी थायरॉइडही त्यांनी बॅटरीसारखाच हाताळायला घेतला. त्यांचं म्हणणं असं, की बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच तार काढायची. दोन काढल्या की कुठल्या तारेत खोट होती ते कळत नाही. म्हणून दर दीड-दोन महिन्यांना एक गोष्ट बंद, आणि शेवटी लॅबमध्ये येऊन माझ्याकडून रक्त तपासणी. पहिल्यांदा पत्ताकोबी गेली. मग सोयाबीनचं तेल गेलं, घरात जवसाचं आलं, आणि माझ्या पोळीलासुद्धा त्याचा वास लागला. मग साधं मीठ गेलं. ते मात्र आमच्या डॉक्टरांनी ओरडून परत आणवलं, कारण थायरॉइडला लागणारं आयोडीन त्यातूनच मिळतं. मग मोबाइल. मोबाइल त्यांनी बंद करून तुरीच्या कोठीत पुरला. तीन आठवड्यांनी त्यांचे साडू माहूरहून पांढरे कपडे घालून आले. दारात काकांना जिवंत पाहून त्यांचा इतका हिरमोड झाला, की काकूंना त्यांच्यासाठी गोड करावं लागलं.

"यायच्या गळ्यातल्या एका गाठीपायी मी वर्षभर परीक्षा देऊन राह्यली," काकू मला म्हणायच्या. काकूंचा स्वतःचा थायरॉइड ठणठणीत होता. काकांनीच त्यांना तुलनेसाठी म्हणून तपासायला लावलं होतं. एकच घर, एकच विहीर, एकच स्वयंपाक, आणि त्यांचा आकडा आदर्श म्हणून भिंतीवर लावावा असा. काका त्यावर दोन दिवस विचार करत बसले होते.

त्यांची यादी लांबत गेली आणि आकडा जागचा हलला नाही. मग एका सकाळी मी परसात गेले. काका एका हातानं कढईखालचे कोळसे सारत होते आणि दुसऱ्या हातानं चिवडा खात होते. बोटं मनगटापर्यंत राखाडी. मी कधीतरी कुठंतरी वाचलं होतं की शिसं, कॅडमियम असले जड धातू पोटात, श्वासात गेले तर इतर अनेक गोष्टींबरोबर थायरॉइडलाही त्रास देत असावेत. मी म्हटलं, "काका, एकदा ही तार काढून पाहा ना. शिसं."

चिवडा तिथंच राहिला.

"शिसं?" ते म्हणाले. "माह्या बापानं हेच केलं, मी हेच केलं. याच कढईवर पोरगी बीएस्सी झाली. ज्यानं खाऊ घातलं त्याच्याचवर घसरली तू? दोन बुकं वाचली म्हून?"

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी माझ्याशी अबोला धरला. माझ्या खोलीसमोर उभं राहून काकूंना ओरडून सांगायचे, "भाडेकरीनबाईले म्हनाव, नळ आला!" मीही आतून ओरडायचे, "काकू, कळलं म्हणावं!" काकू दोघांच्या मधे तांदूळ निवडत बसायच्या.

अबोला सुटला तो नेरहून आलेल्या एका फोननं.

काकांना एकच मुलगी, शीतल. तिला नेरला दिलं होतं, आणि तिला पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातव्यात तिला आणायचं, समोरची खोली तिची, काकूंनी दुपटी शिवायला कधीच घेतली होती. त्या दिवशी शीतलनं सहज सांगितलं की तिकडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, आणि तिलाही थायरॉइड निघाला, गोळी सुरू झाली. काकूंनी फोन ठेवून ते काकांना सांगितलं आणि फोडणी टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधीच काका दारात उभे. बाही वर केलेली.

"शिसं पाहाचं रक्तात," ते म्हणाले. "माह्यं जाऊ दे. तिले कुठून आला?"

ही तपासणी आमच्याकडं होत नाही. वेगळी नळी मागवावी लागते, रक्त मुंबईला जातं. त्यांनी सगळं ऐकलं. सुई टोचताना म्हणाले, "कोनाले सांगाचं नाही. तुह्या काकूलेबी नाही." मी म्हटलं, रिपोर्ट ज्याचा त्यालाच देतो आम्ही, हा नियमच आहे. त्या नियमाचा मला तेव्हा फार अभिमान होता.

रिपोर्ट आला. मर्यादेच्या कितीतरी वर. दर गुरुवारी यवतमाळहून येणाऱ्या आमच्या डॉक्टरांपुढं काका तो कागद घेऊन बसले आणि मीही तिथंच उभी राहिले.

"म्हंजे थायरॉइड याच्यानंच बिघडला?" काकांनी विचारलं.

"शक्य आहे," डॉक्टर म्हणाले. "शिशाचा आणि थायरॉइडचा संबंध सांगतात. पण सगळ्यांमध्ये सारखा दिसत नाही. काहींत दिसतो, काहींत नाही. तुमचा याच्यामुळंच, असं मी लिहून देणार नाही."

"अन् पोरीचा?"

"तिचा गरोदरपणामुळंही चढला असेल. तसा चढतो. तिची ही तपासणी झाली तर बरं होईल."

"हो का नाही, तेवढं सांगा साहेब."

"ते सांगता येत नाही. पण एक पक्कं सांगतो. पोटातल्या बाळाला शिसं वाईट. त्यात वाद नाही. ते काम बंद करा, आणि घर साफ होईपर्यंत गरोदर बाईला त्या घरात ठेवू नका."

बाहेर आल्यावर काका बाकावर बसले. त्यांनी मला विचारलं, "तुले काय वाट्टे?" मी म्हणाले, "रिपोर्टवर मत द्यायची मला परवानगी नाही, काका." हे वाक्य मी बोलले, याची मला आजही लाज वाटते. ते मशीनचा प्लग चाचपणारे गृहस्थ आता माझ्याकडं पाहत होते, आणि मी त्यांना एक नियम वाचून दाखवला.

त्याच संध्याकाळी त्यांनी नेरला फोन लावला. काकू आणि मी अंगणात होतो.

"शीतल, बाळंतपनाले इकडं येऊ नको," ते म्हणाले. पलीकडचं ऐकलं. मग, "काहून म्हंजे? नको म्हटलं नं. तिकडं दवाखाना चांगला हाय." आणि मग फोन त्यांच्या हातात तसाच राहिला, कारण पलीकडून तो ठेवला गेला होता.

काकूंच्या मांडीवर दुपटं होतं. त्यांनी सुई त्यातच खोचून ठेवली. "पयलं बाळंतपन माहेरी नाही त कुठी?" त्या म्हणाल्या. "मायबाप जिते असून? लोकं काय म्हनतीन? अवो, बोला ना! ते पोरगी काय समजन?" काका उठून परसात गेले. दुसऱ्या दिवसापासून काकू त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या, आणि हा अबोला माझ्या अबोल्यासारखा गमतीचा नव्हता.

गल्लीत बोलायला विषयच मिळाला. कुणी म्हणे जावयाशी भांडण झालं, कुणी म्हणे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या म्हणण्याला आधारही होता, कारण काकांनी मांडलेला धंदा एका दिवसात मोडला. उरलेलं शिसं भंगारवाल्याला दिलं. सपरीची टिनं काढून तीही त्यालाच दिली. परसातली वीतभर माती खणून पोत्यांत भरली. झाडू मारला की भुकटी उडते म्हणून घरातली प्रत्येक भिंत, प्रत्येक फळी ओल्या फडक्यानं पुसून काढली, आणि फडकी रोज नवी. माझी खिडकीही त्यांनीच पुसली. मी म्हटलं, "काका, तिला कारण तरी सांगा."

"कोन्तं कारन?" ते फडकं पिळत म्हणाले. "तुह्या बापानं तुले लहानपनापासून शिसं चारलं, असं सांगू? अन् उद्या थे खोटं निघालं त? साहेबालेच खात्री नाही. खात्री झाली का सांगतो."

मला तेव्हा ते पटलं. खात्री नसलेलं बोलायचं नाही, हे माझ्या कामाला धरूनच होतं. काकू रात्री स्वयंपाकघरात बसून फोनवर मुलीशी कुजबुजत, आणि मधेच "मले काय माहीत, बाई" म्हणून पदरानं नाक पुसत, ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मला माहीत होतं, आणि मी उशी कानावर घेऊन झोपत होते.

दोन महिन्यांनी काकांचा टीएसएच उतरला. चक्क मर्यादेत आला. मी कागद घेऊन धावत घरी गेले. काकांचे डोळे भरून आले. "सापडली तार," ते म्हणाले. "आता सांगतो पोरीले." आणि त्यांनी फोन हातात घेतलाही.

घोळ नेमका तिथं झाला. मी काकूंना आनंदानं म्हणाले, बघा, गुण आला. काकू भिंतीकडं पाहत म्हणाल्या, "आलाच असन. तू म्हटलं तशी गोळी मी यायले आता पहाटे निस्त्या पाण्यासंगं देतो. आंधी चहात देत होतो." झालं होतं असं, की मधे कधीतरी मी त्यांना सहज विचारलं होतं, काका गोळी कशी घेतात? थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि तासभर चहा घ्यायचा नाही. नाहीतर ती अंगी नीट लागत नाही. वर्षभर काका ती चहाच्या पहिल्या घोटाबरोबर घेत होते, आणि बशीत गोळी ठेवून देण्यात काकूंचं कधी चुकलं नव्हतं. पत्ताकोबी, तेल, मोबाइल सगळं तपासून झालं, पण चहा कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, आणि मी तर ते शिकले होते.

काकांनी फोन खाली ठेवला. "दोन तारा एकाच येळी काढल्या तुमी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आता त्या तारेनं उतरला का चहानं, कोन सांगन मले?"

कुणीच सांगू शकत नव्हतं. आणि आज तर माझ्याकडं त्याहून जास्त आकडे आहेत. शीतलची शिशाची तपासणी पुढं झाली, त्यात नावापुरतं शिसं निघालं. तिचा थायरॉइड बाळंतपणानंतर आपोआप जागेवर आला. काकांचं शिसं हळूहळू उतरत गेलं, पण टीएसएच मधेच एकदा पुन्हा चढला, कशानं ते देव जाणे. मी हे सगळे कागद एकदा ओळीनं मांडून पाहिले. शिसं दोषी धरावं तर काकूंचा आकडा आडवा येतो, निर्दोष सोडावं तर डॉक्टरांचं वाक्य आठवतं. त्या घरात मुलीला येऊ दिलं नाही हे बरोबरच होतं, एवढंच पक्कं कळतं. बाकी सगळा गोंधळ.

पण हे पुढचं झालं. त्या वेळी एवढंच झालं की काकांना खात्री मिळाली नाही, म्हणून त्यांनी फोन केला नाही, आणि शीतल नेरलाच बाळंत झाली. मुलगी झाली. काकू आधीच जाऊन जावयाच्या घरी आठ दिवस संकोचानं राहून आल्या होत्या. बारशाला काकांना बोलावणं आलं ते जावयाकडून. दारव्ह्याला गाडी बदलून आम्ही तिघं नेरला पोचलो. मला का नेलं, तर काका म्हणाले, "तू चाल. मले तिथं कोनी वळखीचं पायजे."

ते घरात शिरलेच नाहीत. बाहेरच्या ओट्यावर बसले. आत पाळणा म्हटला गेला, घुगऱ्या वाटल्या गेल्या, शीतलच्या सासूबाई दोनदा येऊन "चला ना इवाई, नात पाहा" म्हणून गेल्या, दुसऱ्या वेळी जरा तिखट आवाजात. काका म्हणाले, "इथूनच ऐकतो."

शीतलनं मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. मी तिला तोवर फोटोतच पाहिलं होतं. तिचे डोळे अगदी काकांचे.

"ताई, तुमी त्यायच्या घरात राह्यता," ती म्हणाली. "एक सांगा. मी जड झाली काय बाबाले? लग्न झालं म्हंजे संपलं काय?"

माझा नियम तिथं गळून पडला. मी सगळं सांगितलं. शिसं, मुंबईचा रिपोर्ट, डॉक्टर काय म्हणाले, खणलेली माती, पुसलेल्या भिंती, चहा. मला वाटलं ती रडेल, बापाबद्दल तिचं मन भरून येईल. तिचा चेहरा मात्र लाल झाला.

"अन् तुमाले चार महिन्यांपासून माहीत हाय?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती आत गेली, पाळण्यातून बाळ उचललं आणि थेट ओट्यावर गेली. मी तिच्या मागं.

काका तिला पाहून उठून उभे राहिले आणि दोन पावलं मागं सरकले.

"बाबा," ती म्हणाली, "खात्री नव्हती म्हून कारन सांगतलं नाही तुमी. मंग खात्री नसताना येऊ नको कसं म्हनता आलं?"

काका आणखी एक पाऊल मागं सरकले.

"मी रोज फोनकडं पाहून राह्यली होती," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. "शिसं असतं त शिसं म्हनाचं होतं. मले समजलं असतं. मले वाटलं, बापालेच मी नको."

"मले वाटलं तू पुन्हा इचारशीन," काका अगदी हळू म्हणाले.

"मले वाटलं तुमी सांगसान."

सासूबाई दारात येऊन थांबल्या होत्या. काकू त्यांच्या मागं, तोंडावर पदर धरून. त्या घरात पहिल्यांदाच त्यांना कळत होतं, की आपण चार महिने ज्याच्याशी बोललो नाही त्या माणसाच्या मनात काय होतं. शीतलनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पुढं केलं.

"नको," काका म्हणाले. "माह्या रक्तात अजून हाय थे. पुढच्या महिन्यात टेस्ट हाय, ते चांगली आली का घेतो."

रक्तातलं शिसं मांडीवर घेतल्यानं बाळाला जात नाही, हे मला माहीत होतं. त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि मी आपणहून सांगितलं नव्हतं. "घ्या काका," मी म्हणाले, "काही होत नाही. हे मी खात्रीनं सांगते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग बसले, आणि शीतलनं बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. बाळ अंगाला लागू नये म्हणून त्यांनी हात इतके लांब धरले होते, की मी खाली बसून बाळाच्या डोक्याखाली माझा तळवा धरला, आणि त्यांनी बाळ जवळ घेतल्यावरही तो बराच वेळ काढला नाही.